‘लोगिओस’: वक्ता की बहुश्रुत?

१

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या अठराव्या अध्यायात अपुल्लो नावाच्या एका यहुदी उपदेशकाचा उल्लेख येतो. तो आलेक्सांद्रियाचा, धर्मग्रंथांवर प्रभुत्व असलेला, आणि इफिस नगरात येऊन मोठ्या उत्साहाने शिकवण देणारा असा होता. त्याच्या वर्णनात ग्रंथकाराने ‘लोगिओस’ हे ग्रीक विशेषण योजिले आहे. संपूर्ण नव्या करारात हा शब्द केवळ याच एका वचनात, चोविसाव्यात, आला असल्यामुळे त्याचा अर्थ त्या ग्रंथातील अन्य प्रयोगांवरून ठरविता येत नाही. साहजिकच भाषांतरकारांत दोन पक्ष पडले. लॅटिन वुल्गातेने ‘वाक्पटू’ हा अर्थ घेतला. १५२२ साली ल्यूथरने जर्मनमध्ये आणि १६११ च्या इंग्रजी अधिकृत भाषांतराने इंग्रजीत तोच मार्ग चोखाळला. १८८१ च्या इंग्रजी सुधारित भाषांतराने मात्र ‘विद्वान’ हा अर्थ पत्करला, आणि १९४६ साली निघालेल्या नव्या सुधारित आवृत्तीने पुन्हा ‘वाक्पटू’कडे मोहरा वळविला. मराठीतील प्रचलित बायबलनेही अपुल्लोला ‘वक्ता’च ठरविले आहे.

वरवर पाहता हा प्रश्न एका शब्दाचा आणि तोही एका वचनापुरता आहे. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न अधिक व्यापक आहे. विद्या आणि वाणी या दोन भिन्न गोष्टी आहेत, असे गृहीत धरूनच ‘विद्वान की वक्ता?’ असे विचारता येते. ज्या समाजात विद्या मुखोद्गत असते आणि श्रोत्यांसमोर सांगितली जाते तेव्हाच ती सिद्ध होते, त्या समाजात हे गृहीत कितपत टिकते? ‘लोगिओस’ या शब्दाचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर शोधावयास लावतो. आणि भारतीय भाषांच्या, विशेषतः मराठीच्या, अभ्यासकाला त्या इतिहासात आपल्याच परंपरेची काही ओळखीची वळणे दिसतात.

२

‘लोगिओस’ हे ‘लोगोस’ या नामापासून झालेले विशेषण आहे. ‘लोगोस’च्या मुळाशी असलेल्या धातूत वेचणे, मोजणे आणि सांगणे असे अर्थ एकत्र नांदतात. मराठीतही जुन्या गणती-हिशेबाला आणि कथनाला जोडणारे ‘आख्यान लावणे’, ‘हकीकत मांडणे’ यांसारखे प्रयोग आहेत. मांडणी ही हिशेबाचीही असते आणि कथेचीही. तेव्हा ‘लोगिओस’ म्हणजे मुळात ‘ज्याच्यापाशी लोगोस आहे तो’. हा लोगोस ज्ञानाचा की बोलण्याचा, हे त्या शब्दात आरंभी वेगळे झालेले नव्हते.

पिंदारने इ. स. पूर्व ४७० च्या सुमारास सिरॅक्यूजच्या हीरोनसाठी रचलेल्या पहिल्या पिथियन स्तोत्रात माणसाच्या मृत्यूनंतर त्याची कीर्ती टिकविणारे दोन वर्ग सांगितले आहेत: एक गायकांचा आणि दुसरा ‘लोगिओस’ पुरुषांचा. म्हणजे गीतातून स्मृती जपणाऱ्यांच्या जोडीला गद्य कथनातून ती जपणारे येथे उभे केले आहेत. हेरोदोतसने आपल्या इतिहासाच्या अगदी आरंभी ग्रीक आणि बर्बर यांच्यातील वैराचे मूळ सांगताना पर्शियनांच्या ‘लोगिओस’ लोकांचा हवाला दिला आहे. दुसऱ्या खंडात त्याने ईजिप्तमधील हेलिओपोलिसच्या लोकांना याच विशेषणाचे तमभाववाचक रूप लावले आहे. आणि पुढे त्याच खंडात शेतीच्या प्रदेशातील ईजिप्शियन लोक सर्व मानवांत स्मृती सर्वाधिक जतन करतात, म्हणून ते सर्वांत ‘लोगिओस’, असे नमूद केले आहे. येथे शब्दाचे कारणच दिलेले आहे, आणि ते कारण वक्तृत्वाचे नाही, स्मरणाचे आहे. चौथ्या खंडात सिथियन लोकांत अनाखार्सिस हा एकच ‘लोगिओस’ पुरुष झाला, असे तो म्हणतो.

चौथ्या शतकात शब्दाचा भर बदलू लागला. ॲरिस्टॉटलने ‘राज्यशास्त्रा’त नगररचनाकार हिप्पोदामस याच्याविषयी लिहिताना, समग्र निसर्गाविषयी आपण ‘लोगिओस’ असावे अशी त्याला हौस होती, असे किंचित उपरोधाने म्हटले आहे. पुढे आलेक्सांद्रियाच्या फिलोने मोशेच्या चरित्रात त्याला अंकगणित, भूमिती इत्यादी शिकविणाऱ्या ईजिप्शियन गुरूंसाठी हा शब्द योजला. इतिहासकार योसेफसने यरुशलेमच्या पाडावापूर्वीचा एक प्रसंग दिला आहे. मंदिराचे पूर्वेकडील जड दार रात्री आपोआप उघडले. सामान्य लोकांना तो शुभशकुन वाटला. ‘लोगिओस’ लोकांनी मात्र त्यात मंदिराची सुरक्षितता संपल्याची खूण ओळखली. योसेफसनेच अन्यत्र पितृपरंपरागत नियमांचे विवरण करणाऱ्या दोन आचार्यांना ‘लोगिओतातोस’ म्हटले आहे. या दोन्ही ठिकाणी अर्थ ग्रंथज्ञ, विवरणकार असा आहे. अपुल्लो हा फिलोच्याच नगरचा, ही गोष्ट या संदर्भात दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

याउलट वाक्पटुत्वाचा अर्थही त्याच काळात रूढ होत होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैयाकरण फ्रिनिखस याने शुद्ध आणि अशुद्ध प्रयोगांची जी यादी केली तीत या शब्दाची स्वतंत्र दखल घेतली आहे. त्याच्या मते बहुजन हा शब्द प्रभावी आणि भारदस्त भाषण करणाऱ्याला लावतात. प्राचीन लेखक मात्र प्रत्येक जनसमाजाच्या स्थानिक परंपरा अनुभवपूर्वक उलगडून सांगणाऱ्याला तो लावीत असत. फ्रिनिखसचा हा निर्वाळा फार मोलाचा आहे. त्यावरून हे कळते की ‘वाक्पटू’ हा अर्थ चुकीचा नव्हता, तो नंतरचा होता. आणि आधीचा अर्थ ‘विद्वान’ या एका शब्दातही मावणारा नव्हता. तो होता परंपरेचा निवेदक. पुढील शतकांतील पपायरसांत ‘लोगिओतातोस’ ही वकिलांसारख्या व्यावसायिकांना लावावयाची आदरार्थी उपाधी बनली, तर आधुनिक ग्रीकमध्ये ‘लोगिओस’ म्हणजे विद्वान असाच अर्थ उरला.

आधुनिक संशोधनातही हा वाद मिटलेला नाही. ग्रेगरी नॉज याने १९८७ साली हेरोदोतसलाच ‘लोगिओस’ ठरवून, हा शब्द मौखिक गद्यपरंपरेत पारंगत असलेल्या निवेदकांचा निदर्शक आहे असे प्रतिपादिले. २००९ साली निनो लुरागी याने त्याला आक्षेप घेतला: ‘लोगिओस’ हा निवेदकांचा व्यावसायिक वर्ग नव्हे, जाणकार म्हणून मान्यता पावलेली माणसे एवढाच त्याचा अर्थ. परंतु या वादातही एक गोष्ट उभयपक्षी मान्य आहे. प्राचीन ‘लोगिओस’ हा केवळ सुंदर बोलणारा नव्हता. त्याच्या बोलण्याला काही ठेवा पाठीशी होता.

३

या शब्दाला मराठीत काय म्हणावे? संस्कृताने आणि पालीने मराठीला दिलेले काही शब्द येथे तपासून पाहता येतात.

‘वाग्मी’ हा शब्द पाणिनीने स्वतंत्र प्रत्ययाने सिद्ध केला आहे (५.२.१२४), आणि लगेच पुढच्या सूत्रात अतिबोलणाऱ्यासाठी ‘वाचाल’ आणि ‘वाचाट’ ही रूपे दिली आहेत. बोलण्याची योग्यता आणि नुसते बोलणे यांतील भेद व्याकरणानेच नोंदविला, ही गोष्ट लक्षणीय आहे. पण ‘वाग्मी’त ज्ञानाचा ठेवा अध्याहृत असला तरी उक्त नाही. ‘पंडित’ या शब्दात विद्या आहे; मात्र मराठी वाङ्मयेतिहासाने ‘संत’ आणि ‘शाहीर’ यांच्यापासून वेगळा काढलेला जो ‘पंडित कवी’, त्याच्यामुळे या शब्दाला ग्रंथांच्या ढिगाऱ्याआड बसलेल्या माणसाची छटा आली. ‘व्युत्पन्न’चेही तसेच.

‘बहुश्रुत’ हा शब्द सर्वांत जवळचा आहे. ज्याने पुष्कळ ऐकले आहे तो बहुश्रुत. बौद्ध परंपरेत बुद्धवचने कानाने ऐकून स्मृतीत धारण करणाऱ्या आनंदाला बहुश्रुत भिक्षूंत अग्रगण्य म्हटले आहे. आणि त्या धारणेचे सार्थक त्याने ती वचने संघापुढे सांगण्यात झाले, असे परंपरा मानते. हेरोदोतसने ईजिप्शियनांना ‘लोगिओतातोस’ म्हणताना जे कारण दिले, तेच येथे शब्दाच्या घडणीत आहे. परंतु आजच्या मराठीत बहुश्रुत म्हणजे पुष्कळ वाचलेला, चार विषयांची माहिती असलेला गृहस्थ. कान गेला आणि डोळा राहिला, असे या शब्दाचे झाले आहे.

राहिला ‘वक्ता’. हा शब्द अपुऱ्या अर्थाचा म्हणून बाजूला सारण्यापूर्वी त्याचा इतिहास पाहिला पाहिजे. जुन्या मराठीत ‘वक्ता’ एकटा येत नाही. तो ‘श्रोता’बरोबर येतो. ‘दासबोधा’ची रचनाच श्रोत्यांच्या आशंका आणि वक्त्याची उत्तरे यांवर उभी आहे. हा वक्ता म्हणजे ग्रंथाचा, परंपरेचा विवरणकार. कीर्तनाच्या पूर्वरंगातील निरूपण करणारा हरिदास, देवळात पोथी सोडून बसलेला पुराणिक, हे या अर्थाने वक्ते होते. पंडित कवींतील मोरोपंत (१७२९–१७९४) बारामतीच्या नाईकांकडे पुराणिक होते, हे आपण सहज विसरतो. ‘पंडित’ असा शिक्का बसलेल्या या कवीची उपजीविका आणि प्रतिष्ठा तोंडाने पुराण सांगण्यावर होती. १६१६ साली फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा ओवीबद्ध मराठीत रचिली तेव्हा तिला ‘पुराण’ हेच रूप द्यावे लागले, यावरूनही श्रवणाच्या त्या संस्थेचे समाजातील वजन ध्यानी येते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र ‘वक्ता’ शब्दाने स्थलांतर केले. पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. इंग्रजी विद्येतील सभांचे वक्तृत्व हा आदर्श बनला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’त (१८७४–१८८१) ‘विद्वत्त्व आणि कवित्व’ हा एक निबंध आहे आणि ‘वक्तृत्व’ हा दुसरा; विद्वत्ता आणि वाणी यांचा विचार वेगवेगळ्या मथळ्यांखाली करण्याची सवय मराठी सुशिक्षिताला लागली, तिची ही स्पष्ट खूण मानता येईल. पोथीसमोरचा वक्ता व्यासपीठावर उभा राहिला आणि त्याच्या हातची पोथी सुटली.

फ्रिनिखसने आपल्या काळी ‘लोगिओस’विषयी जी तक्रार नोंदविली, तीच ‘वक्ता’ या मराठी शब्दाविषयी करता येईल. दोन्ही शब्द परंपरेच्या निवेदकापासून निघाले आणि सभेतील प्रभावी भाषणकर्त्यापाशी पोचले. म्हणून अपुल्लोला ‘वक्ता’ म्हणणारा भाषांतरकार चुकला, असे म्हणता येत नाही. विल्यम केरीने श्रीरामपूरहून मराठी नवा करार १८११ साली प्रसिद्ध केला. त्या काळच्या मराठी वाचकाच्या कानी ‘वक्ता’ हा शब्द पडला असता तर त्याच्यापुढे पुराणिक उभा राहिला असता. आजच्या वाचकापुढे प्रचारसभा उभी राहते. शब्द तोच आहे. त्याच्या पाठीमागची संस्था नाहीशी झाली.

४

विद्या आणि वाणी यांची ही फाळणी भारतीय परंपरेत मुळातली नाही, हे पाहण्यासाठी मराठीच्या शेजारच्या कन्नड प्रदेशात, विशेषतः म्हैसूर येथे, दोन प्रकारची साक्ष मिळते: एक ग्रंथाची, दुसरी व्यवहाराची.

कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’ची हस्तलिखित प्रत १९०५ साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात आली आणि ग्रंथपाल आर. शामशास्त्री यांनी १९०९ साली तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. त्याच्या पाचव्या अधिकरणातील तिसऱ्या अध्यायात राजसेवकांच्या वेतनाची यादी आहे. तीत पौराणिक, सूत आणि मागध यांना ज्योतिषी, शकुनवेत्ते आणि सर्व खात्यांचे अध्यक्ष यांच्या पंक्तीस बसवून एक हजार पण वेतन सांगितले आहे. त्याच अध्यायात आचार्य आणि विद्यावंत यांना योग्यतेनुसार पाचशेपासून एक हजार पणांपर्यंत मानधन द्यावे, असे म्हटले आहे. म्हणजे पुराण सांगणाऱ्याचे वेतन आचार्याच्या मानधनाच्या वरच्या मर्यादेइतके ठरते. राज्याच्या जमाखर्चात निवेदक हा विद्वानाहून उणा नव्हता. शास्त्रग्रंथातील ही यादी प्रत्यक्ष व्यवहाराचे चित्र असेल वा आदर्शाचे. मूल्यांचा क्रम तिच्यातून कळतोच.

दुसरी साक्ष ‘विद्वान’ या उपाधीची आहे. मराठीत गवयाला ‘बुवा’ म्हणतात, अलीकडे ‘पंडित’ म्हणतात. ‘विद्वान’ मात्र म्हणत नाहीत. म्हैसुरात व्याकरणाचा आणि न्यायाचा अभ्यास पुरा केलेला शास्त्री ‘विद्वान’ आणि वीणावादक किंवा गायकही ‘विद्वान’. महाराजांच्या संस्कृत महाविद्यालयाची ‘विद्वत्’ ही पदवी आहे आणि कर्नाटकातील संगीत परीक्षांतील वरच्या श्रेणीचे नावही ‘विद्वत्’च आहे. वोडेयर राजांच्या दरबारातील ‘आस्थान विद्वान’ हा मान शास्त्रज्ञांना आणि कलावंतांना एकाच नावाने मिळत असे. वाग्गेयकार म्हैसूर वासुदेवाचार्य (१८६५–१९६१) यांच्या घडणीत संस्कृत अध्ययन आणि गायन ही दोन्ही अंगे होती, आणि त्यांपैकी कोणत्या अंगामुळे ते विद्वान हा प्रश्न त्यांच्या समाजाला पडला नाही. कन्नडमधील गमक कला याच वृत्तीची आहे. कुमारव्यासाचे भारत किंवा लक्ष्मीशाचे जैमिनीभारत गमकी रागबद्ध वाचतो आणि व्याख्यानकार त्याचा अर्थ उलगडतो. पिंदारने कीर्तीचे रक्षक म्हणून ज्या दोघांची नावे जोडीने घेतली, ते गायक आणि निवेदक येथे एकाच बैठकीवर शेजारी बसलेले आढळतात.

ग्रीक वाङ्मयाशी म्हैसूरचा परिचयही जुना आहे. बी. एम. श्रीकंठय्या यांनी सोफोक्लीसच्या ‘अजॅक्स’वरून ‘अश्वत्थामन्’ (१९२९) हे कन्नड नाटक रचिले. ग्रीक नायकाला महाभारतातील नायकाचे रूप देण्यामागे त्यांची जी दृष्टी होती, तीच शब्दाच्या पातळीवरही उपयोगी पडते: परक्या शब्दाला आपल्या भाषेत प्रतिशब्द शोधताना आधी आपल्या समाजात त्या शब्दाचा माणूस कोण, हे शोधावे.

५

मराठीच्या इतिहासात ‘लोगिओस’ या शब्दाचा माणूस शोधू गेल्यास एक नाव ठळकपणे पुढे येते, आणि ते एका स्त्रीचे आहे.

पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ साली आजच्या कर्नाटकात, सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने रमाबाईंना. हे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून हिंडत, पुराणे वाचून दाखवीत, आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करीत असे. पुढे दुष्काळात आईवडील आणि बहीण गेल्यावर रमाबाई भावाबरोबर पायी प्रवास करीत १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या. तेथील पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या उपाध्या मिळाल्या. त्या परीक्षेत विद्या किती आणि वाणी किती, असा हिशेब कोणी केला नाही. मुखोद्गत असलेले शास्त्र सभेत प्रकट करता येणे, हीच कसोटी होती. त्यांना मिळालेल्या दोन उपाध्यांपैकी एक विद्येची आहे आणि दुसरी वाणीच्याच देवतेची, हे पुरेसे बोलके आहे.

१८८२ साली त्या पुण्यास आल्या आणि आर्य महिला समाजाच्या कार्याला आरंभ झाला. पुराणिकाच्या घरची ही मुलगी आता सुधारणेच्या व्यासपीठावरून बोलू लागली. जुन्या अर्थाचा वक्ता आणि नव्या अर्थाचा वक्ता यांच्यामधले अंतर त्यांनी एका आयुष्यात ओलांडले, आणि ओलांडताना पहिल्या अर्थातील ठेवा गमावला नाही.

या चरित्राचा ‘लोगिओस’शी संबंध येथेच संपत नाही. १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर पुढे केडगावच्या मुक्ती सदनात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मूळ भाषांवरून मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. १९२२ साली त्यांचे निधन झाले. समग्र भाषांतर १९२४ साली, सदनाच्याच छापखान्यातून, बाहेर पडले. संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बायकांना कळत नाही, म्हणून त्यांनी जाणीवपूर्वक साध्या मराठीचा आग्रह धरला. ज्यांच्या नावाच्या आधी ‘पंडिता’ हा संस्कृत शब्द कायमचा जोडला गेला, त्याच बाईंनी पांडित्याची भाषा दूर ठेविली. हा विरोधाभास नाही. परंपरेच्या निवेदकाचे खरे काम, ज्यांना ती परंपरा ऐकावयाची आहे त्यांच्या कानाशी बोलणे, हेच असते. अपुल्लोच्या कथेत पुढे प्रिस्किल्ला नावाची स्त्री आणि तिचा पती अक्विल्ला या दोघांनी त्या ‘लोगिओस’ पुरुषाला जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नेमका समजावून दिला, असे म्हटले आहे. त्या वचनाचे मराठी करण्यास, आईकडून शास्त्र शिकलेल्या या भाषांतरकर्त्रीइतका अधिकार क्वचितच कोणाला असेल.

६

तेव्हा ‘लोगिओस’चा प्रतिशब्द कोणता? हेरोदोतस आणि पिंदार यांच्या संदर्भात ‘बहुश्रुत’ योग्य ठरेल. मात्र तो त्याच्या मूळच्या, कानाच्या अर्थाने घेतला पाहिजे. फिलो आणि योसेफस यांच्या संदर्भात ‘शास्त्रज्ञ’ किंवा ‘विद्वान’ चालेल. फ्रिनिखसच्या काळच्या बहुजनांचा ‘लोगिओस’ हा आजचा ‘वक्ता’. अपुल्लोच्या बाबतीत मात्र या तिन्हींतील कोणताही एक शब्द पुरेसा नाही. त्याच वचनात त्याचे ग्रंथप्रभुत्व वेगळे सांगितले असल्याने केवळ ‘विद्वान’ म्हणणे पुनरुक्तीचे होते, आणि केवळ ‘वक्ता’ म्हटल्याने त्याच्या वाणीचा ठेवा हरवतो. ‘व्युत्पन्न वक्ता’ ही जोडी त्यातल्या त्यात न्याय देणारी आहे. ती दोन शब्दांची आहे, कारण मराठीत एका माणसाचे दोन तुकडे झाले आहेत.

या तुकड्यांची किंमत केवळ भाषांतरकाराने चुकविली, असे नाही. भारतीय भाषांच्या वाङ्मयेतिहासांत ग्रंथकाराला प्रकरण मिळते, पुराणिकाला आणि कीर्तनकाराला ओळ मिळते, आणि गमकी किंवा हरिदास हे ‘प्रयोगकलां’च्या परिशिष्टात जातात. ज्यांनी शतकानुशतके महाभारत, भागवत आणि ज्ञानेश्वरी निरक्षर श्रोत्यांपर्यंत पोचविली, त्यांना वक्ते म्हणून गौरविले तरी विद्वान म्हणून मोजलेले नाही. हेरोदोतसने मात्र आपल्या इतिहासाचा पहिला हवाला अशाच लोकांचा दिला होता, आणि त्यांना एकच शब्द वापरला होता.